श्वासाची तालीम आणि श्वासाचा नियम : वृद्ध हृदयरुग्णांच्या पुनर्वसनासंबंधीच्या संशोधनाची चिकित्सा

१

वृद्ध हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात श्वसनस्नायूंना द्यावयाचा व्यायाम हा गेल्या तीन दशकांत संशोधनाचा एक स्वतंत्र विषय होऊन बसला आहे. महाराष्ट्रात या विषयाची चर्चा निघाली की एक अभिप्राय हटकून ऐकावयास मिळतो, तो हा की, ‘हा तर आपला प्राणायामच.’ या अभिप्रायात स्वाभिमान आहे आणि त्याला थोडाफार आधारही आहे. परंतु शास्त्रीय विधान या नात्याने कसोटीस लावला असता तो टिकत नाही. आणि जे टिकत नाही त्याच्या आधारे उपचार ठरू लागले, म्हणजे त्याची किंमत विद्वानांना नव्हे, तर रुग्णांना मोजावी लागते. या दोन गोष्टी कोठे एक आहेत व कोठे भिन्न आहेत, आणि या विषयावरील प्रयोग वृद्ध रुग्णाबद्दल खरोखर किती सांगतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार अधांतरी राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे अरुणावतीच्या काठचे तालुक्याचे गाव. भोवतालचा मुलूख कापसाचा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरांवर. अशा गावातील सत्तरीची शेतमजूर बाई रुग्णालयात राहून, पायांची सूज उतरवून घरी परतते, तेव्हा बहुधा तिच्या हाती गोळ्यांची चिठ्ठी असते आणि कानात ‘दीर्घ श्वास घेत जा’ एवढा उपदेश असतो. पुष्कळदा सोबत तीन चेंडूंचे प्लास्टिकचे उपकरणही दिलेले असते. या सामग्रीला श्वसनस्नायूंचा व्यायाम म्हणावयाचे की नाही, हा प्रस्तुत विवेचनाचा व्यवहारातील अर्थ होय.

२

हृदयदौर्बल्य, ज्यास दवाखान्यात हार्ट फेल्युअर म्हणतात, याचा अर्थ हृदय बंद पडणे असा नव्हे. शरीराच्या गरजेपुरते रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती उणावणे, असा त्याचा अर्थ आहे. या रुग्णास धाप लागते ती फुप्फुसांत पाणी साचल्यामुळे, असा साधा उलगडा दीर्घकाळ केला जात असे. तथापि पाणी उतरल्यानंतरही पुष्कळांची धाप शिल्लक राहते, आणि हृदयाची आकुंचनशक्ती किती उरली आहे यावरून माणूस किती चालू शकेल हे नेमके सांगता येत नाही, असे आढळून आल्यावर अभ्यासकांची दृष्टी स्नायूंकडे वळली.

श्वास आत ओढण्याचे मुख्य काम छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल करते. तोही एक स्नायूच आहे. अपुरा रक्तपुरवठा, मंदावलेली हालचाल, निकृष्ट आहार आणि वयोमानाने होणारी झीज या चारही गोष्टी त्यास दुर्बल करतात. दुर्बल श्वासपटलास तेवढीच हवा आत घेण्यासाठी अधिक कष्ट पडतात. ते थकू लागले म्हणजे मज्जासंस्थेच्या द्वारे हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यांच्या वाट्याचे रक्त कमी होते, आणि माणसाचे पाय भरून येतात. म्हणजे बाजारातून घरी येताना म्हातारा वाटेत ओट्यावर बसतो, त्याचे कारण केवळ हृदयात वा केवळ पायांत नसून काही अंशी श्वासपटलात असते. ब्राझीलमधील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, श्वसनस्नायू दुर्बल असलेल्या हृदयरुग्णांना चार आठवडे व्यायाम दिल्यानंतर श्वसनस्नायूंवर ताण आला असताही हातापायांचा रक्तप्रवाह पूर्वीइतका घटत नाही, असे दाखवून दिले. या विषयातील कार्यकारणभावाचा हा सर्वांत भक्कम दुवा आहे.

दौर्बल्य मोजण्याची रीतही सोपी आहे. रुग्णाने सर्व श्वास बाहेर टाकावा, आणि नंतर बंद नळीतून जितक्या जोराने हवा ओढता येईल तितकी ओढावी. त्या वेळी तोंडात निर्माण होणारा उणा दाब पाण्याच्या सेंटिमीटरांत मोजतात. वय व लिंग यांवरून अपेक्षित असलेल्या आकड्याच्या ७० टक्क्यांहून तो कमी भरल्यास श्वसनस्नायू दुर्बल आहेत, असे बहुतेक प्रयोगांत धरले आहे. हे मोजमाप ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व वादाचा निकाल त्याच्यावर अवलंबून आहे.

३

श्वसनस्नायूंच्या व्यायामाचे तत्त्व तालमीतल्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. ताकद वाढवावयाची तर भार हवा, तो पेलण्याजोगा हवा, आणि अंगी बळ येईल तसतसा तो वाढत गेला पाहिजे. अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी वऱ्हाडात व्यायामाचा जो संस्कार रुजविला, त्यात हा क्रम गृहीतच आहे. जोर असोत वा बैठका, संख्या आणि भार यांचा हिशेब ठेवल्यावाचून वस्ताद शिष्यास पुढे नेत नाही.

लीथ आणि ब्रॅडली या अमेरिकन संशोधकांनी १९७६ साली हेच तत्त्व श्वसनस्नायूंस लावून पाहिले. १२ निरोगी व्यक्तींच्या या पाच आठवड्यांच्या प्रयोगात एका गटाने दाबाविरुद्ध जोर लावण्याचा सराव केला, दुसऱ्याने बराच वेळ जलद श्वसन करीत राहण्याचा केला, आणि तिसऱ्याने काहीच केले नाही. पहिल्या गटाचे बळ सुमारे ५५ टक्क्यांनी वाढले; दुसऱ्याची दमछाक सोसण्याची शक्ती वाढली, परंतु बळ वाढले नाही. ज्याचा सराव तेच वाढते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष. पुढे त्याच्या आधारावर जी उपकरणे निघाली, त्यांत स्प्रिंग लावलेली एक झडप असते. ठरावीक दाब निर्माण केल्याखेरीज ती उघडत नाही, आणि उघडल्याखेरीज हवा मिळत नाही. स्प्रिंग आवळली की भार वाढतो. मोजून दिलेला भार हा या उपचाराचा आत्मा आहे. तो काढून घेतल्यास उरते ती श्वासाची ये-जा, जी प्रत्येक माणूस जन्मभर करीतच असतो.

या कसोटीवर तीन चेंडूंचे उपकरण उतरत नाही. त्यात हवा ज्या वेगाने आत ओढली जाते त्यानुसार चेंडू वर चढतात. तेथे मोजला जातो तो प्रवाहाचा वेग. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांचे तळ मोकळे व्हावेत, रुग्णाने कण्हत पडून राहू नये, यासाठी त्याची योजना झालेली आहे, आणि त्या कामी ते सोयीचेही आहे. परंतु त्यात ठरलेला दाब नाही व क्रमाने वाढविण्याजोगा भारही नाही. ते वृद्ध हृदयरुग्णाच्या हाती देऊन श्वसनस्नायूंचा व्यायाम सुरू झाला असे मानणे, म्हणजे मळ्यात फेरफटका मारून नांगरट झाली असे समजण्यासारखे आहे.

४

आता प्राणायामाकडे वळू. या संदर्भात ज्यांचे नाव आधी घेतले पाहिजे ते स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांच्या शिक्षणात दोन धारा एकत्र आल्या होत्या. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या व्यायामशाळेत त्यांनी शरीरशिक्षण घेतले, आणि नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडे योग शिकले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्षकिरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली यांचा अभ्यास, आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणाऱ्या अंशतः निर्वाताचे मोजमाप, हे त्यांचे आरंभीचे कार्य सुविदित आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व निराळ्या ठिकाणी आहे. प्राणायामाने शरीरात पुष्कळ प्राणवायू जातो, म्हणून तो हितकर, असे तेव्हाही सर्रास सांगितले जाई. आजही सांगितले जाते. कुवलयानंदांनी हे मत श्रद्धेने स्वीकारले नाही. श्वासातील वायूंचे मोजमाप करून, प्राणायामात प्राणवायूचे शोषण विशेष वाढत नाही, त्याचे मूल्य अन्यत्र शोधावयास हवे, असा निर्णय त्यांनी दिला. स्वतः प्राणायामाचा प्रचार करणाऱ्या माणसाने प्राणायामाच्या बाजूची सर्वांत लोकप्रिय उपपत्ती मोजमापाने खोडून काढावी, ही गोष्ट सामान्य नव्हे. आज प्राणायाम व श्वसनस्नायूंचा व्यायाम एकच असे जे म्हणतात, ते त्यांचे नाव घेतात, परंतु त्यांची रीत सोडून देतात.

दोहोंत भेद कोणता, हे प्राणायामाच्या परिभाषेतच सूचित झाले आहे. प्राणायामाचे माप मात्रा. पूरक, कुंभक व रेचक यांचे जे प्रसिद्ध प्रमाण एकास चार व चारास दोन असे सांगितले जाते, ते काळाचे प्रमाण आहे. तालमीचे माप भार, प्राणायामाचे माप काळ. पहिल्याचे साध्य बळ, दुसऱ्याचे साध्य नियम. एका नाकपुडीने श्वास घेताना किंवा उज्जायीत कंठ आवळताना काही रोध निर्माण होतो, हे खरे आहे, आणि प्राणायामवाद्यांचा हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु तो रोध किती, तो रुग्णाच्या शक्तीच्या किती टक्के, आणि पुढील आठवड्यात तो किती वाढवावयाचा, हे तेथे कोणी मोजत नाही, कारण त्या साधनेचा तो हेतूच नाही.

नियमाचाही लाभ असतो, आणि तो हृदयरुग्णास मिळतो, याचा पुरावा उपलब्ध आहे. इटलीतील लुचानो बर्नार्दी व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखविले की, हृदयदौर्बल्याच्या रुग्णांनी मिनिटास सुमारे सहा श्वास इतक्या संथ गतीने श्वसन केल्यास रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सुधारते. एक महिना असा सराव केलेल्या लहानशा गटात धाप लागण्याची जाणीवही कमी झाली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामाच्या डॉ. विनेकरांसह १९६९ साली उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तोही याच परंपरेतील. त्यात तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता, ही त्याची उणीव. परंतु किती रुग्णांच्या औषधांची मात्रा किती उतरली हे त्यांनी मोजले, हा त्याचा मोठा गुण. कुंभकाच्या बाबतीत मात्र सावधपणा हवा. श्वास दीर्घकाळ रोखून धरल्याने छातीतील दाब व हृदयाकडे परतणारे रक्त यांत जे चढउतार होतात, ते दुर्बल हृदयास सोसतीलच असे नाही. चुकीच्या प्राणायामाने श्वास व कास जडतात, असे हठप्रदीपिकेनेच सांगून ठेवले आहे.

५

प्राणायामास लावलेली कसोटी यंत्राच्या बाजूच्या प्रयोगांनाही तितक्याच कठोरपणे लावली पाहिजे. या क्षेत्रातील मॅन्सिनी यांचा १९९५ सालचा अभ्यास पुष्कळ उद्धृत केला जातो. त्यात १४ रुग्ण घेण्यात आले, त्यांपैकी आठांनी तीन महिन्यांचा क्रम पूर्ण केला, आणि अर्धवट सोडणाऱ्या सहा जणांशी त्यांची तुलना करण्यात आली. जे टिकले ते सुधारले. परंतु जे टिकले ते मुळातच अधिक धडधाकट होते की काय, ही शंका अशा रचनेत फिटत नाही.

ब्राझीलमधील दाल’आगो प्रभृतींचा २००६ सालचा प्रयोग पुष्कळ काटेकोर आहे. श्वसनस्नायू दुर्बल असल्याचे मोजून ठरविलेले ३२ रुग्ण त्यात घेतले, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यदृच्छेने त्यांचे दोन गट केले. एका गटास कमाल दाबाच्या ३० टक्के भार, रोज ३० मिनिटे, १२ आठवडे दिला. दुसऱ्या गटास तेच उपकरण भारावाचून दिले. पहिल्या गटाचा श्वास ओढण्याचा दाब ११५ टक्क्यांनी, व्यायामाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती १७ टक्क्यांनी आणि सहा मिनिटांत चालण्याचे अंतर १९ टक्क्यांनी वाढले. बिनभाराच्या उपकरणाचा दुसरा गट या प्रयोगाचे खरे वैभव होय. भार नसेल तर लाभ नाही, हे त्याने दाखविले, आणि ‘दीर्घ श्वास घेत जा’ या उपदेशाचे मूल्यही त्याने अप्रत्यक्षपणे ठरविले.

परंतु या प्रयोगातील रुग्णांचे सरासरी वय साठीच्या आत होते, आणि त्याचे निष्कर्ष वृद्धांच्या नावे सांगितले जातात, ही पहिली अडचण. वृद्धांच्या दृष्टीने स्पेनमधील पालाऊ यांचा २०१४ सालचा प्रयोग अधिक जवळचा आहे. त्यातील निम्म्याहून अधिक रुग्ण सत्तरीच्या पुढचे होते, आणि हृदयाचे आकुंचन ठीक असून शिथिलन बिघडलेले, असा त्यांचा आजार होता. हा प्रकार वृद्धांत, विशेषतः स्त्रियांत, पुष्कळ आढळतो. तेथेही १२ आठवड्यांत लाभ दिसला. मात्र रुग्ण केवळ २६ होते, आणि तुलनेच्या गटास बिनभाराचे उपकरण दिलेले नव्हते. रुग्णास आपली विशेष काळजी घेतली जात आहे असे वाटल्यानेही तो दोन पावले अधिक चालतो, हे विसरता येत नाही.

यूरोपातील अनेक केंद्रांनी मिळून केलेला, २०१४ सालीच प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग ४३ रुग्णांचा आहे. त्यात सर्वांना चालण्या-सायकलीचा व्यायाम होता आणि निम्म्यांना जोडीला श्वसनस्नायूंचा. प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती दोन्ही गटांत वाढली. धाप, जीवनमान व श्वसनस्नायूंचे बळ यांत जोडव्यायामाच्या गटाने अधिक प्रगती केली. याचा सरळ अर्थ असा की, श्वसनस्नायूंचा व्यायाम चालण्याची जागा घेत नाही, तो चालण्यास जोड देतो.

या सर्व प्रयोगांतील रुग्णांची बेरीज केली तरी ती सव्वाशेच्या आतच राहते. असे लहान प्रयोग एकत्र करून जी सरासरी काढली जाते, तिच्यामुळे आकडा मोठा दिसतो. मुळातील उणिवा नाहीशा होत नाहीत. याउलट भारतात हृदयविकाराच्या झटक्यानंतर योगाधारित पुनर्वसनाचा जो प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्ण होते. पुनः झटका, मृत्यू इत्यादी घटनांत दोन गटांमधील फरक सिद्ध झाला नाही. रुग्णांनी स्वतः सांगितलेले आरोग्य व पूर्वीच्या कामावर परतणे यांत मात्र योगगट सरस ठरला. हा निकाल प्रामाणिकपणे जसाच्या तसा मांडला गेला, हे त्या संशोधकांस भूषणावह आहे. परंतु तेथे श्वसनस्नायूंचा दाब हे साध्य नव्हते, म्हणून त्याच्या आधाराने प्राणायाम व भारव्यायाम यांची तुलना करता येत नाही.

६

आता हा सर्व पुरावा आर्णीस नेऊन पाहिला पाहिजे. पहिला प्रश्न वयाचा. केरळातील त्रिवेंद्रम येथील नोंदवहीत २०१३ साली नोंदलेल्या १,२०५ हृदयदौर्बल्याच्या रुग्णांचे सरासरी वय सुमारे ६१ होते, आणि देशभरातील ५३ रुग्णालयांच्या नोंदवहीतील १०,८५१ रुग्णांचे सुमारे ६०. पाश्चात्त्य देशांत हा आजार सत्तरीनंतरचा मानला जातो. येथे तो सुमारे एक तप आधी गाठतो. शेतमजुरी केलेल्या, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या साठीच्या बाईचे श्वासपटल तिकडील सत्तरीच्या बाईहून अधिक झिजलेले असण्याचा संभव आहे. तिची अपेक्षित शक्ती ठरविण्यासाठी तिकडील सूत्र वापरले, तर दुर्बल कोण व सशक्त कोण हेच चुकीचे ठरेल.

दुसरा प्रश्न तोंडाचा, आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही. उपकरणाची नळी ओठांत घट्ट धरावी लागते. दात पडलेल्या रुग्णाच्या तोंडातून हवा निसटते आणि दाब कमी भरतो. दौर्बल्य ओठांचे असते, नोंद मात्र श्वासपटलाच्या नावे होते. विदर्भात खर्रा खाण्याची सवय सर्वत्र आहे. सुपारीमुळे तोंडाचे अस्तर आवळत जाऊन तोंड पुरेसे उघडत नाही, अशा रुग्णास नळी धरणे अधिकच कठीण. ब्राझील वा स्पेन येथील संशोधकांना हे प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. येथील संशोधकास ते पडले पाहिजेत.

तिसरा प्रश्न अंतराचा. आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम, असा क्रम ठेवल्यास आर्णीच्या रुग्णास यवतमाळच्या सहा फेऱ्या, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरांचा प्रवास आठवड्याला पडेल, आणि १२ आठवड्यांत तो २,८८० किलोमीटरांवर जाईल. धाप लागणाऱ्या माणसाने एस.टी.ने एवढा प्रवास करावा, आणि सोबत येणाऱ्या मुलाने तितके रोज बुडवावेत, ही अपेक्षा ज्या कार्यक्रमात गृहीत आहे तो कार्यक्रम कागदावरच राहणार. येथेच भारव्यायामाचा खरा गुण दिसतो. उपकरण मुठीत मावते, त्यास वीज लागत नाही, आणि तो बसल्या जागी करता येतो. आठवड्यातून एकदा दाब मोजून स्प्रिंग आवळून देणारा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट वा परिचारिका तालुक्याच्या ठिकाणी असली, म्हणजे पुरे. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीस तीस मीटरांचा सरळ व्हरांडा, घड्याळ आणि खुर्ची यांहून फारसे काही लागत नाही. प्रकृती अस्थिर असलेल्या, पडल्या पडल्या धाप लागणाऱ्या किंवा सूज न उतरलेल्या रुग्णास मात्र यातील काहीही देऊ नये; तेथे प्रथम औषध, मग व्यायाम.

७

या विवेचनावरून इतके म्हणता येईल. ज्यांचे श्वसनस्नायू मोजमापाने दुर्बल ठरले आहेत आणि ज्यांची प्रकृती औषधांनी स्थिरावली आहे, अशा वृद्ध हृदयरुग्णांस चालण्याच्या जोडीने मोजून वाढविलेला भार देणे उपलब्ध पुराव्यास धरून आहे. कुंभकावाचून केलेले संथ श्वसन त्यांना वेगळ्या मार्गाने उपकारक होऊ शकते. दोहोंस एकमेकांच्या जागी ठेवणे मात्र पुराव्यास सोडून आहे, आणि तीन चेंडूंच्या उपकरणास दोहोंपैकी एकाचे नाव देणे त्याहून अधिक.

विदर्भातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे यातून एक प्रबंधाचा विषय उभा राहतो. साठीच्या पुढील रुग्णांचे तीन गट करावेत. एकास भारव्यायाम, दुसऱ्यास संथ श्वसन, तिसऱ्यास बिनभाराचे उपकरण द्यावे, आणि तिन्ही गटांत दाब, चालण्याचे अंतर व धाप यांचे मोजमाप एकाच रीतीने करावे. आरंभी याच भागातील निरोगी वृद्धांचे दाब मोजून येथली अपेक्षित शक्ती ठरवून घ्यावी. प्राणायाम श्रेष्ठ की यंत्र, हा वाद सभांतून मिटणारा नाही. कुवलयानंदांनी प्राणवायूचा वाद ज्या रीतीने सोडविला, त्याच रीतीने, म्हणजे दाबमापक हाती घेऊन, तो सोडवावा लागेल. आणि तोपर्यंत आर्णीच्या म्हातारीस दिलेल्या चिठ्ठीवर ‘दीर्घ श्वास’ या दोन शब्दांच्या जागी भार, वेळ आणि पुढील मोजणीची तारीख लिहिली गेली पाहिजे.